मदरच्या मागे राहिलेलं घर

मदर गेल्या आणि पनवेलच्या त्या भाड्याच्या घरात सिस्टर लुसी आणि मी, दोघीच उरलो. आमचा सिस्टरांचा संघ मदरनीच काढला होता. खाडीकाठच्या गावांत बायका बाळंतपणात दगावतात हे कळल्यावर मुंबईचं मोठं कॉन्व्हेंट सोडून, बिशपांची परवानगी काढून त्या इथे आल्या. पण आम्हाला कोणी बोलावत नसे. या बाया धर्म बाटवतील, अशी लोकांना भीती. मदर तरीही उन्हातान्हात बांधांवरून चालत दारोदार जायच्या आणि बहुतेक दारांतून परत फिरायच्या. त्यातच टायफॉईडने त्यांना नेलं.

घर बंद करून मुंबईला या, असा बिशपांचा निरोप आला. प्रार्थनेला बसले की माझ्या मनात एकच प्रश्न यायचा. प्रभू, तुला हे काम नको होतं, तर त्यांना इथे आणलंस कशाला? शेवटी मी विचारणंच सोडलं.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रंका घेऊन आम्ही एसटीची वाट पाहत होतो. तेवढ्यात एक आगरी गृहस्थ बैलगाडी दामटत आले. अंगावर मिठागरातला चिखल तसाच सुकलेला.

“बाय, तुमीच त्या सिस्टरी ना? माजी सून अडलीय. चला लवकर.”

“दादा, आम्ही पनवेल सोडून चाललोय,” मी म्हणाले.

“मंग जा. पन आदी माज्या घरी चला.”

आम्ही गाडीत बसलो. सुईणपणाचं शिक्षण मी घेतलं होतं, पण अवघड बाळंतपण मदरच हाताळत. घरी पोचून पाहिलं तर मूल पायाळू. पोरगी कळा देऊन थकलेली. तिची सासू तिला पाठीमागून धरून बसली होती. हात कुठे लावावा ते मला सुचेना. मनातल्या मनात मी एवढंच म्हटलं, “प्रभू, माझ्याच्याने होणार नाही. आता तू बघ.” मग हात आपोआप कामाला लागले. कसे, ते मी सांगू शकत नाही. सूर्य माथ्यावर आला तेव्हा मूल रडलं. मुलगी होती.

मी हात धूत असताना सासूने विचारलं, “मोटी बाय नाय आली?”

“त्या देवाघरी गेल्या.”

म्हातारीने हातातला तांब्या खाली ठेवला. “मी तिला दारातूनच परत धाडली व्हती. तरी बोलली, माजा राग नाय, गरज लागली त हाक मारा. म्हनून आज यांना धाडला.” तिने नातीला उचलून घेतलं. मग म्हणाली, “आता हाक मारायची त कोनाला?”

“आम्हाला,” मी म्हणाले.

सिस्टर लुसीने चमकून माझ्याकडे पाहिलं. आम्ही काहीच ठरवलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही घराचं कुलूप पुन्हा उघडलं. मी बिशपांना सगळं कळवलं. त्यांनी थोडी मुदत दिली, मग आणखी थोडी, आणि पुढे घर बंद करण्याचा विषय कोणी काढलाच नाही. आज त्या घरात तरुण सिस्टर आहेत. मदरना त्यांनी पाहिलेलं नाही, पण मदर चालायच्या त्याच बांधांवरून त्या चालतात.

मदरचं काम फुकट गेलं असं मी धरून बसले होते. ते चालू ठेवणारा प्रभू मात्र थांबला नव्हता. मी फक्त हो म्हटलं, आणि तेही त्यानेच माझ्याकडून म्हणवून घेतलं.