सातवा पाटा

सिद्राम मिस्त्री गेल्याचं मला सांगलीकडच्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो सकाळी फॅनबेल्ट घ्यायला आला होता. बेल्ट हातात घेऊन ताणून बघता बघता म्हणाला, "तुमाला कळलं न्हाई व्हय? सिद्राम मिस्त्री गेला की. उसाच्या ट्रकाखाली पाटं सोडवत हुता, जॅक निसटला." मी काही बोलायच्या आत त्यानं पुढचंही बोलून टाकलं. "त्योच न्हवं का, ज्यानं तुमची उघडी गाडी पालथी घातली हुती?"

मी त्या ड्रायव्हरच्या अंगावर ओरडलो. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्या बिचाऱ्याची काय चूक होती? सांगली-कराड-सातारा या पट्ट्यात चाकाशी संबंध असलेला प्रत्येक माणूस सहा वर्षं जे बोलत आला तेच तो बोलला. ते खोटं आहे हे ठाऊक असलेली माणसं तीनच होती, असं तेव्हा मला वाटत होतं. सिद्राम, माझा थोरला भाऊ आणि मी. आज पाच आठवडे झाले, माझा राग उतरलेला नाही. माणूस गेल्यावर चांगलं लिहावं अशी रीत आहे. सिद्रामबद्दल चांगलं लिहायला पानं पुरणार नाहीत, पण आधी जे खोटं आहे ते निस्तरल्याशिवाय त्या चांगल्याला हात लावायचा मला अधिकार नाही.

आमचं घर कराडजवळचं, उसाचं. आणीबाणी यायच्या आधीच्या काळात दादानं, म्हणजे माझ्या भावानं, साताऱ्यातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून एक जुनी विलायती गाडी घेतली. दोन दारांची, कापडी टपाची. टप मागं दुमडला की गाडी पूर्ण उघडी. दादाला ती मिरवायला हवी होती. मला मात्र तिच्यातून ऑटोक्रॉस करायचं होतं. सांगलीत तेव्हा काही हौशी मंडळींनी मोटारींचा क्लब काढला होता. मोकळ्या मैदानात रंगवलेली पिंपं मांडायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि पिंपांना वळसे घालत कोण कमी वेळात परत येतो ते घड्याळावर बघायचं, असा तो खेळ. मी पहिल्यांदा आमची गाडी घेऊन उतरलो तेव्हा लोक हसले. वळणावर ती एका अंगावर इतकी कलायची की पलीकडची चाकं अधांतरी. रस्त्यावर खड्डा आला की दारं कुरकुरायची. एकदा तर माझ्या बाजूचं दार आपोआप उघडलं.

कुणीतरी सिद्रामचं नाव सांगितलं. मिरज रस्त्याला पत्र्याची शेड, बाहेर उसाच्या ट्रकांची रांग. माणूस जत तालुक्यातला, बोलताना मध्येच एखादा कानडी शब्द पेरणारा, दहा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढून आलेला. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो. त्याचा धंदा पाट्यांचा. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांची जी चवड असते, जिच्यावर गाडीचा भार पेलला जातो, ती बांधायची. आमच्या भागात ट्रकमालक मिस्त्रीला एकच गोष्ट सांगतात, पाटा वाढवा. पाटा वाढवला की भार जास्त घेता येतो. भार जास्त म्हणजे गाडी भारी, आणि गाडी भारी म्हणजे मालक भारी. मीही तेच सांगायला गेलो होतो. अण्णानं माझं ऐकूनच घेतलं नाही. खिशातून एक पोस्टकार्ड काढलं, माझ्या गाडीच्या दाराच्या फटीत उभं सरकवलं आणि मागच्या एका चाकाखाली जॅक लावला. चाक उचललं तशी फट मिटत गेली. पोस्टकार्ड चिमटलं, ओढलं तरी निघेना.

"बघिटलंस? डोक्यावर टप न्हाई, म्हनून ही गाडी मधनंच वाकती. हिला पाटा वाढवलास तर पाटा वाकनार न्हाई, गाडीच वाकंल. गड्या, चा कडक पायजे, पाटा न्हाई."

पुढचे तीन महिने मी दर रविवारी त्या शेडमध्ये होतो. त्यानं आधी गाडीच्या पोटाखाली लोखंडी अँगल जोडून अंग घट्ट केलं, इतकं की पोस्टकार्ड फटीत सैल खेळायला लागलं. मग मागचे सात पाटे सुटे केले, भट्टीत तापवून त्यांची कमान उतरवली, गाडी दोन बोटं खाली बसवली. आणि सातातला एक पाटा काढून टाकला. सहाच ठेवले. पुढच्या चाकांच्या मध्ये ट्रकच्या दांड्यापासून वळवलेली एक पोलादी सळई आडवी बसवली, गाडी वळणावर कलू नये म्हणून. दणके जिरवणाऱ्या शॉकअपमध्ये घट्ट तेल भरलं. सांध्यांमधले झिजलेले रबरी बुश फेकून देऊन जाड रबरातून नवे कातून घातले. प्रत्येक फेरीत तो स्वतः मागच्या सीटवर बसून येई आणि खाली उतरल्यावर डोळे मिटून थोडा वेळ उभा राही... मग सांगे, डावीकडचं तेल अजून कमी आहे. आणि ते खरंच कमी असायचं.

त्याला एकच हट्ट होता. गाडी शर्यतीची आणि घरची, दोन्ही झाली पाहिजे. सकाळी तिनं घरातल्या बायकांना देवाला नेऊन आणावं आणि दुपारी तिनंच पिंपं फिरावीत. आम्ही ती यवतेश्वरच्या घाटात चढवली. माझी वहिनी मागं बसली होती. वर पोचल्यावर म्हणाली, "आज माजी कंबर दुखली न्हाई बगा." अण्णा इतका हसला की त्याला खोकला आला. त्यानंतरच्या दोन ऑटोक्रॉसमध्ये आम्ही दुसरे आणि पहिले आलो. क्लबच्या चार-पाच जणांनी आपापल्या गाड्या त्याच्याकडे द्यायचं ठरवलं. ट्रकांच्या पोटाखालून बाहेर यायची त्याला ती पहिली आणि शेवटची संधी होती. त्यानं शेडच्या एका कोपऱ्यात फरशीही घातली, लहान गाड्यांसाठी.

आणि मग आमच्या चुलतभावाचं लग्न निघालं.

उघडी गाडी घरात असताना नवरदेव दुसऱ्या कशात बसेल काय! वरातीत नवरा-नवरी मागच्या टेकूवर उंच बसणार, त्यांच्या पायाशी करवली, पुढं दादा, दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर लोंबकळणारे मामे आणि मेव्हणे. आदल्या दिवशी दादानं सगळ्यांना बसवून पाहिलं. गाडी मागून खाली दबली. दादाला ते अपमानासारखं लागलं. "आपली गाडी वरातीत ढुंगण टेकून चालणार व्हय? ह्या मिस्त्रीनं पाटा काढून ठेवलाय. जा कराडला, बसवून आण." मी म्हणालो, अण्णांना विचारू. दादा म्हणाला, "गाडी कुनाची हाय?" मी गेलो. कराडमध्ये ट्रकचं काम करणाऱ्या एकानं तासाभरात एक जाडजूड पाटा चढवून दिला. वरात झोकात निघाली. गाडी मागून ताठ उभी होती आणि दादाची मान तिच्यापेक्षा ताठ. तिसऱ्या दिवशी सांगलीत ऑटोक्रॉस होतं. पाटा उतरवायला वेळ होता. अण्णाची शेड मैदानाच्या वाटेवर होती. पण त्याला न विचारता पाटा चढवला हे कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून मी शेडसमोरून गाडी न थांबवता नेली. अण्णा बाहेर उभा होता, त्यानं हात केला. मीही केला.

चौथ्या पिंपाला मागची बाजू सुटली. ताठलेलं मागचं चाक उचललं, दुसरं मातीत रुतलं आणि गाडी एका अंगावर उलटली. माझ्या खांद्याचं हाड मोडलं. मी आडवा पडलेलो, तोंडात माती, आणि ध्वनिक्षेपकावरून दादाचा आवाज ऐकू येत होता. कुणीतरी त्याच्या हातात माइक दिला होता. "मी पयल्यापासनं सांगत हुतो, मिस्त्रीनं पाटा काढून गाडी कमजोर केली!" हजारभर माणसं उभी होती. गाडी उलटी-आडवी पडलेली, तिच्या पोटाची सगळी मागची बाजू उघडी. सात पाटे समोर दिसत होते. वाकून मोजायला एक जण पुढं आला नाही.

एक जण आला, पण सगळे गेल्यावर. दुसऱ्या दिवशी अण्णा दवाखान्यात आला. खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. खांदा कसा आहे विचारलं. मग म्हणाला, "गाडी वडून शेडमदी आनली. पाटं मोजलं मी." दादा खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. मी भिंतीकडे बघत राहिलो. किती वेळ बघितलं सांगता येत नाही, पण त्या भिंतीवर कुठं पोपडा निघाला होता ते आजही आठवतं. अण्णा उठला. "बरा हो गड्या," म्हणाला आणि गेला. तो दाराबाहेर पडल्यावर दादानं मला समजावलं, की घरचं घरात राहू दे, मिस्त्रीला काय, दुसरी गिऱ्हाइकं मिळतील.

मिळाली ना. उसाचे ट्रक मिळाले. क्लबवाल्यांपैकी एकानं अर्धवट काम झालेली गाडी दोरीनं ओढून परत नेली. फरशी घातलेल्या कोपऱ्यात गंजलेल्या पाट्यांचा ढीग पडला. ज्या हातांना डोळे मिटून तेलाचा फरक कळायचा, ते हात पुन्हा मालकांचे पाटे वाढवायला लागले, आणि त्याच कामात ट्रक अंगावर आला. मी राग राग म्हणतो तो या सगळ्याचा आहे. दादाचा आहे, मैदानातल्या हजार माणसांचा आहे. आणि खरं सांगू, अण्णाचाही आहे. त्यानं माझी गचांडी का धरली नाही? चारचौघांत माझ्या दोन थोबाडीत का दिल्या नाहीत? मी सहा वर्षांत तीनदा त्या शेडमध्ये गेलो. तो सातवा पाटा त्यानं गाडीतून काढून शेडच्या छपराच्या लोखंडी कैचीला तारेनं टांगला होता. चार वाजले की त्याच्यावर हातोड्याचे तीन ठोके पडायचे, मग सगळे हातातलं काम टाकून चहाला यायचे. तिन्ही वेळा मी त्या पाट्याखाली बसून चहा प्यायलो. अण्णानं ऊस, पाऊस, माझं दुकान, सगळं विचारलं. पाट्याकडे एकदा बोटसुद्धा दाखवलं नाही. माझ्या तोंडाकडे मात्र बघत राहायचा. मी कप खाली ठेवायचो आणि साताऱ्याची गाडी पकडायचो.

दहाव्याला दादा आला होता. पांढरे कपडे, हात मागं बांधलेले. चार लोकांत म्हणत होता, "मानूस लय चांगला. त्या येका गाडीत चुकला बगा." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. ज्याला नदीकाठी, त्याच्या पिंडासमोर तोंड उघडता आलं नाही, तो आता वर्तमानपत्रात लिहितोय. वाचणाऱ्यानं मला काय म्हणायचं ते म्हणावं.

गेल्या आठवड्यात मी शेडमध्ये गेलो. आता त्याचा साडू ती चालवतो. गंगाक्का, अण्णाची बायको, दाराशी शेगडीवर चहाचं आधण ठेवत होती. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "अक्का, तो टांगलेला पाटा मला पाहिजे. तो माझा आहे. मीच कराडहून चढवून आणला होता. अण्णांची काही चूक नव्हती."

तिनं वर बघितलं नाही. चहाची पूड मुठीनं टाकली.

"म्हाईत हाय. गाडी आली त्याच दिशी त्यांनी मला मोजून दावलं. मी म्हनलं, सांगा की समद्यांस्नी. तर म्हनले, त्यो सांगंल. पोरगं वाईट न्हाई, सांगंल. ह्यो पाटा त्याचा हाय, मागाय यील तवा द्यायचा."

"मग द्या, अक्का."

"न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "तुमी लय उशीर केलासा. द्यानारा गेला. आता ऱ्हाऊ दे तितंच. चाच्या टायमाला लागतोय."

मी पाट्याकडे पाहिलं. सहा वर्षं हातोडा खाऊन मध्यभागी गुळगुळीत झालेला, बाकी सगळा गंजलेला. चार वाजले होते. साडूनं हातोडा उचलला आणि तीन ठोके घातले. ट्रकाखालची माणसं एकेक करून बाहेर आली, हात पुसत ओळीनं बसली. गंगाक्कानं सगळ्यांना कप दिले, मलाही दिला. चहा कडक होता. ठोक्यांचा तो आवाज पत्र्यात बराच वेळ घुमत राहिला आणि तो थांबेपर्यंत मला कप तोंडाला लावता आला नाही.