‘धावडा महिला’ ग्रुपवरचे अंगठे

आमच्या संस्थेने धावडा गावात बायकांची रक्ततपासणी ठेवली होती. दारोदार फिरत बसू नका, निरोप व्हॉट्सॲपवर टाका, असा जालन्याच्या ऑफिसचा हट्ट. मी ‘धावडा महिला’ नावाचा ग्रुप केला, निरोप टाकला. भराभर अंगठे आले. ऑफिस खूश.

तपासणीच्या सकाळी नर्सबाई आणि मी समाजमंदिरात वाट बघत बसलो. आले ते सगळे पुरुष! तालुक्याला, भोकरदनला निघाल्यासारखे इस्त्रीचे शर्ट घालून, बाह्या वर सारून.

"अहो, बायका कुठायत?" मी ओरडलेच.

"कापूस वेचायला गेल्या," पुढचा एक जण म्हणाला. "घरातला फोन माझ्याजवळच राह्यतो ताई. निरोप मला आल्ता, म्हणून मीच आलो."

"मग बायकोला सांगायचं ना!"

"तसं त्यात कुठं लिव्हलं होतं?"

मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी शेताच्या वाटेवर उभी राहिले आणि परतणाऱ्या एकेकीला तपासणीची नवी तारीख तोंडाने सांगितली. घरी येऊन फोन उघडला, तर त्याच महिला ग्रुपवर मेसेज: "ताई, पुढच्या टायमाला आमच्यासाठी पण ठेवा."

खाली पुन्हा अंगठेच अंगठे.