तौहीदचा आभाळातला बाजार

दोन हजार पंधराच्या सुमारास अकोल्याच्या जठारपेठेत एक बातमी दबक्या आवाजात फिरत होती. मोबाइल दुरुस्तीवाल्या तौहीदनं म्हणे दुसरं घर केलं, तेही परदेशात. खोटं कशाला बोलू, तिघांना तर मीच सांगितली. भर दुपारी हा माणूस शटर अर्धं ओढतो, कानाला हेडफोन लावतो आणि कुणाला तरी अजिजीनं म्हणतो, "आओ ना, मैं यहीं बैठा हूँ." आता आम्ही काय समजावं?

तौहीद मूळचा शेंदूरजनाघाटचा. बाप अब्दुल गफ्फार संत्र्याचे बगीचे फळ झाडावर असतानाच विकत घ्यायचा. फळ लिंबाएवढं असतानाच बगीच्यातून एक चक्कर मारायची, नजरेनं माल जोखायचा आणि शब्दावर सौदा करायचा. पोराची नजर बापाहून तिखट, असं तिकडचे लोक सांगत. पण लागोपाठ दोन उन्हाळे विहिरी आटल्या, झाडं उभी वाळली. जोखायला काही उरलं नाही, तेव्हा तौहीद बायकोच्या, शाइस्ताच्या माहेरी अकोल्याला आला आणि मोबाइल उघडू लागला.

दुकानात येणाऱ्या हिवरखेडच्या गोपालनं त्याला अंतराळाचा एक ऑनलाइन गेम दाखवला. हजारो तारे, खाणी, आणि जाहिरातीत लिहिलेलं की इथला बाजार खेळाडू चालवतात. तौहीद तेवढ्यावरच भाळला. त्याला अंतराळयानं उडवायची नव्हती. त्याला पुन्हा एकदा बाजारात बसायचं होतं.

महिनाभर राबून त्यानं आभाळात आपला तळ उभा केला. मग गेमच्या बातम्यांत लढाई येणार असं आलं. लढाईत खनिज महागेल या हिशेबानं गड्यानं बारा खेळाडूंचं खनिज, खाणीतून निघायच्या आधीच, बापाच्या रिवाजानं शब्दावर घेतलं. भावही चढा दिला.

लढाई झाली. भाव तसूभर हलला नाही. माल किती आला, किती गेला, याच्याशी भावाला घेणंदेणंच नव्हतं; तो गेमच्या कंपनीनं एकदाच लिहून ठेवलेला. कंपनीचं दुकान त्याच भावात हवा तेवढा माल विकत बसलेलं. तौहीदच्या तळावर खनिजाचा ढीग पडून राहिला.

"लय मोठं हाये हे, भाऊ, पन खोल नाही," गोपाल म्हणाला. "कुठीबी जा, टोंगळ्याइतकंच पानी."

"मानसं आली का बाजार व्हते."

"मानसं काहून येतीन? दुकानात तुमच्याहून सस्तं भेटते."

तौहीदनं कंपनीला पत्र टाकलं: भाव आम्हाला ठरवू द्या. उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार, यानांसाठी नवे रंग आणले आहेत.

बाराही खेळाडू पांगले. शेवटी गोपालही गेला. "मले दुबार पेरनी कराची हाये," एवढंच म्हणाला.

माझी बातमी फिरत फिरत शाइस्तापर्यंत पोचली. ती दुपारी शटरखालून वाकून आत आली.

"कौन है वो?"

त्यानं हेडफोन तिच्या हाती दिला, बसायला स्टूल सरकवलं. ती अर्धा तास पडद्याकडे बघत बसली.

"यहाँ तो कोई नहीं."

"आएंगे."

"कब?"

तिनं हेडफोन काढून ठेवला. "चलो, खाना खा लो."

त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि तिच्यामागून निघाला. गेम पुन्हा लावला नाही.

तौहीदनं दुसरं घर केलं नव्हतं. परदेशात त्याची कोणी बाई नव्हती. तो रोज दुपारी गेममधल्या रिकाम्या तळावर हेडफोनवरून हाका मारत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसायचा, आणि गिऱ्हाईक आलं नाही.