कंपनी बंद पडण्याची रंगीत तालीम

वाईट बातमी यायच्या आधीच तिच्या तयारीला लागलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. म्हणजे माझे साडू. पौडच्या स्टँडवर एस.टी.त चढले की आधी संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीची कडी ओढून बघणार, आणि कंडक्टर ओरडला की त्यालाच "गंजलीय, लिहून घ्या" म्हणून सुनावणार. लग्नाला गेले की सगळे नवरानवरीला बघतात, हे मांडवाच्या मागची वाट बघून येतात. स्वतःच्या मुलीच्या लग्नात ऐन वेळी घोटाळा नको म्हणून त्यांनी दोन आचारी सांगून ठेवले होते. दोघेही वेळेवर आले आणि दुपारपर्यंत एकमेकांचे झारे लपवत बसले. जावई हिंजवडीला कंप्युटरवर काम करणारा. मुलगी बघायला आला तेव्हा साडूंनी पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. एवढंच विचारलं, "कंप्युटर बंद पडला तर काय येतं?" पोरगा गडबडला आणि म्हणाला, "पोहता येतं." साडूंनी तिथल्या तिथे सुपारी फोडली.

हा स्वभाव कुठून आला हे ते स्वतःच सांगत. त्यांच्या आज्याचं घर मुळशीच्या धरणात गेलं. "पानी हितवर येतंय व्हय?" असं म्हणत आजा ओसरीवर बसून राहिला, आणि गोठ्यात पाणी आल्यावर उठला. पुढे जन्मभर दुसऱ्याच्या भातखाचरात राबला, कारण भाताशिवाय दुसरं काही शिकायला त्याला सवड झाली नव्हती. साडूंचा आज्यावर भारी राग. मेलेल्या माणसावर इतकी वर्षं रागावलेला माणूसही मी दुसरा पाहिलेला नाही. पितृपक्षात पान वाढतानासुद्धा ते पुटपुटायचे, "जेवा आता. उठा म्हनलं तवा उठला न्हाई."

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. पिरंगुटच्या अलीकडे आमचा कारखाना, गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवायचा. साडू प्रेस शॉपमध्ये मेस्त्री, मी टाइम ऑफिसात हजेरी लिहायला आणि लोकांचे फॉर्म भरून द्यायला. कामगारांतर्फे ते सुरक्षा समितीवर होते. आता हे समितीवर असणं म्हणजे बाकीच्यांच्या दृष्टीने महिन्यातून एकदा समोसा खाणं. साडूंनी मात्र तो समोसा अंगाला लावून घेतला. आमच्याकडे वर्षातून दोनदा आगीची मॉक ड्रिल व्हायची. भोंगा वाजायचा, सगळे गेटजवळच्या हिरव्या पाटीखाली जमायचे, मी हजेरी घ्यायचो, की झालं. एका बैठकीत साडू उठले आणि मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "साहेब, आग आपल्याकडं एकदाबी लागली न्हाई, तिची ड्रिल वर्साला दोनदा. ह्या रस्त्याला कंपन्या किती बंद पडल्या ते तुमाला ठावं हाय. त्याची ड्रिल कंदी घ्यायची?"

मॅनेजरसाहेब भला माणूस. त्यांना वाटलं थट्टा आहे, म्हणून ते हसले. साडू हसले नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांनी तेच विचारलं, त्याच्या पुढच्या बैठकीतही तेच, आणि शेवटी जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं, भोंगा न वाजवता, अशी परवानगी मिळाली. कंपनी धडधाकट, ऑर्डरी भरभरून, आणि आम्ही चाळीस माणसं पाटीखाली उभी राहून ती बंद पडली असं समजायचं! लोकांना वाटलं मेस्त्रींच्या डोक्यावर डाय, म्हणजे प्रेसचा लोखंडी साचा, पडली. एक जण तर खोटं खोटं रडायला लागला. साडूंनी त्यालाच पहिला पुढे घेतला. "तुला काय येतं?" "प्रेस चालवतो." "म्हंजे बटन दाबतो. डाय कोन बसवतं?" "तुमी." "मी काय तुज्या बरोबर येनार हाय व्हय, पुढल्या कंपनीत? सोमवारपासनं डाय तू बसवायची." तपासणीवरच्या एक बाई म्हणाल्या, "मी बिजागऱ्या बघते." कशा बघता, विचारलं तर म्हणाल्या, "हाताला लागली की कळतं, वाकडी हाय का सरळ." "लई भारी. पर ते तुमच्या हाताला कळतं, कागदाला न्हाई. व्हर्निअरची मापपट्टी लावून आकडा लिहायला शिका." आणि शिकेपर्यंत पिच्छा सोडला नाही. कोणी नवीन काही शिकला की मॅनेजरसाहेबांकडून तसा सहीशिक्क्याचा कागद घ्यायचा. साहेब विचारायचे, "का हो, हा सोडून चाललाय का?" साडूंचं उत्तर ठरलेलं: "कंपनी चालू हाय तवर तुमच्या सहीला वजन हाय, साहेब. बंद पडल्यावर सही करायला तुमी कुटं सापडनार?"

एकदा तर ते सगळ्यांची नावं घेऊन पुण्याला एका सरकारी कचेरीत गेले आणि म्हणाले, ही माणसं बेकार म्हणून लिहून घ्या. तिथल्या बाईंनी कागद बघून विचारलं, "पण हे तर सगळे नोकरीत आहेत." "आज हायेत." "मग नोकरी गेली की या." साडू तिथेच बाकावर बसून राहिले. जाताना त्या बाईंना म्हणाले, "बाई, मानूस पडायच्या आधी हात धरला तर जोर कमी लागतो. पडल्यावर उचलायला चार जन लागत्यात." बाईंनी मान डोलावली, पण त्यांच्याकडच्या फॉर्मात तसा रकाना नव्हता. साडूंनी घरी आल्यावर तसा फॉर्म स्वतः आखला आणि पोस्टाने पाठवून दिला.

दुसऱ्या ड्रिलला ते माझ्याकडे वळले. "साडू, तुमाला काय येतं?" मी म्हणालो, मी ऑफिसचा माणूस, मला यात धरू नका. "हापीस जळत न्हाई व्हय?" चाळीस माणसं हसली. मला इतका राग आला की महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. काय हवं-नको ते दोघी बहिणी फोनवर एकमेकींना सांगायच्या. राग खरं तर विचारण्याचा नव्हता. पंचेचाळिशी उलटलेली, मुलगा बारावीत, आणि मला हजेरीशिवाय काही येत नाही हे मला त्या दिवशी पाटीखाली उभं राहून कळलं. त्यानंतर किती तरी दिवस मला नीट झोप लागली नाही.

मग काही वर्षांनी एका बुधवारी दुपारी ते खरं झालं. मोठ्या ऑफिसातले एक साहेब आले, हातात जाडजूड पिशवी. मला बोलावून म्हणाले, कारखाना दुसऱ्या राज्यात हलतोय, महिन्याभरात काम थांबणार, ही पत्रं शिफ्ट सुटताना गेटवर एकेकाच्या हातात द्या. उद्या गुरुवार, कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. लोक घरी जाऊन शांत होतील. तोवर कुणाला बोलू नका. वरचंच पाकीट माझ्या नावाचं होतं. मी "हो" म्हणालो आणि सरळ प्रेस शॉपमध्ये गेलो. वरिष्ठांचं न ऐकण्याची माझ्या नोकरीतली ती पहिली वेळ. साडूंनी ऐकून घेतलं, फडक्याला हात पुसले, भिंतीवरच्या पेटीची काच फोडली आणि भोंगा वाजवला.

दोन मिनिटांत सगळे पाटीखाली. मोठे साहेब धावत आले. "काय प्रकार आहे हा? आग कुठंय?"

"तुमच्या पिशवीत," साडू म्हणाले. "वाचा. हितं, समद्यांसमोर, मराठीत."

साहेबांनी पुनर्रचना, बाजारपेठ, धोरणात्मक निर्णय असे बरेच शब्द वापरले. कुणी ओरडलं नाही, एक दगड उचलला गेला नाही. साडू मला म्हणाले, "हजेरी घ्या." मी हजेरीपट उघडला. नाव घेतलं की माणूस "हजर" म्हणायचा आणि पुढे सांगायचा: पॉवर प्रेस, डाय सेटिंग, फोर्कलिफ्ट. तपासणीवरच्या बाई सगळ्या मापांची नावं ताठ मानेने म्हणून गेल्या. खोटं रडणाऱ्याने या वेळी खरंच डोळे पुसले, पण त्याने तीन कामं न चुकता सांगितली. शेवटचं नाव माझं. मीच घेतलं, मीच हजर म्हणालो. आणि तोंडातून निघालं, "मला माणसांचे कागद करता येतात. फंडाचे, विम्याचे, दाखल्यांचे. यांच्यातल्या एकाचाही कागद आजवर परत आलेला नाही." साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लिहून घ्या," म्हणाले.

मग ते साहेबांकडे वळले. "नुकसानभरपाई तर तुमी देनारच, त्यात उपकार न्हाई. आमाला वेळ पायजे. महिना न्हाई, तीन महिने. रोज दोन तास एकमेकांची मशीनं शिकायला. आनि मशीनं विकायला गिऱ्हाइकं आनाल, तवा मशीनसंगं ती चालवनारा मानूसबी बघू द्या त्यास्नी."

"असं आमच्या धोरणात बसत नाही."

"मग आमी हितंच उभं ऱ्हातो, बसंपर्यंत."

आणि खरंच उभे राहिलो. शिफ्ट सुटली, बस येऊन थांबली, ड्रायव्हरही उतरून आमच्यात उभा राहिला. साहेबांनी चार फोन केले. अंधार पडायच्या आत तीन महिन्यांचे दोन झाले, पण दोन तास मिळाले आणि गिऱ्हाइकांचंही कबूल झालं. पहिलं मशीन विकलं गेलं त्याच्याबरोबर आमची दोन माणसं गेली.

सगळ्यांचं सोनं झालं असं म्हणणार नाही. तिघा वयस्करांना कुणी घेतलं नाही, एक जण कोळवणकडच्या शेतावर परत गेला. पण बाकीचे लागले. मी पौडला तहसील कचेरीसमोर टेबल टाकलं आहे. अर्ज, दाखले, फंडाचे फॉर्म. दोन पैसे कमी मिळतात, झोप लागते. साडू भरे गावातल्या सहा माणसांच्या एका वर्कशॉपमध्ये डाय बसवतात. तिथेही त्यांनी ड्रिलचा विषय काढला. मालक म्हणाला, "मेस्त्री, सहा मानसांत कसली ड्रिल?" या वेळी साडूंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि ते ऐकून मला बरं वाटलं नाही.

गेल्या गुरुवारी ते घरी आले होते. चहा झाला. मी विचारलं, "साडू, एवढी वर्षं तुम्ही कंपनी बंद पडल्याचं रोज बोलत होतात. पडली तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"लई वाटलं," ते म्हणाले. "पयल्या ड्रिलपासनं वाटत हुतं. रोज गेटातनं आत शिरताना वाटायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमास्नी दाखवलं असतं, तर दुसऱ्या ड्रिलला कोन आलं असतं?"

इतकी वर्षं मी या माणसाला कोरडा समजत होतो. मला स्वतःची लाज वाटली. म्हणालो, थांबा, आज जेवूनच जा. एरवी ते कधी थांबत नाहीत. त्या दिवशी थांबले.