चांगला पाय आधी

कल्पना करा, समोर कोणीतरी उताणं झोपलंय, टाच पलंगाच्या कडेबाहेर. एका हाताने त्याची नडगी पक्की धरायची. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग घोट्यातल्या पुढच्या हाडावर टेकवायचा आणि ते हाड हलकेच मागे ढकलायचं. सेकंदाला एकदा, दोन मिनिटं. हाड जेमतेम मिलिमीटरभर सरकतं. डोळ्यांना काही दिसत नाही. हातालाच काय ते कळतं.

ताईंचा उजवा हात सात महिन्यांपासून बधिर होता.

एकोणीस वर्षं त्यांनी हेच केलं. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात म्हातारे पेशंटही त्यांना ताईच म्हणायचे. आता चहाचा कप गरम आहे की गार, हे अंगठ्याला कळेना.

"अगं, दाखव कुणाला तरी," नवरा म्हणायचा.

"दाखवीन."

हात गेला तर काम गेलं. भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटत नव्हती.

त्यांची एक रीत होती. चांगला पाय आधी धरायचा, तीनदा ढकलून त्याचं माप घ्यायचं, मग दुखऱ्याकडे वळायचं. त्या दिवशी रंगारी आला होता. शिडीवरून उतरताना त्याचा डावा घोटा तीनदा मुरगळलेला. बाजूला लचकायचा, पण पुढे वाकायला ताठ. ताईंनी उजवा पाय धरला. तीनदा ढकलून झालं की हातच 'बास' म्हणायचा. आज तो काही बोलला नाही. दोन मिनिटं झाली, थोडी विश्रांती, परत दोन मिनिटं.

"ताई, आज उजव्याचे फार लाड चाललेत. डावा रुसेल हां."

ताई थांबल्या. "आधी का नाही बोललात?"

"म्हटलं, तुमची काही पद्धत असेल. मला कुणी भिंत रंगवायला शिकवलेलं आवडत नाही."

"पद्धत नाही. चुकले मी."

मग डाव्याला हात लावण्याआधी त्यांनी त्याला परत मोजायला भिंतीसमोर उभं केलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते मोजायचं; जितका लांब, तितका घोटा मोकळा. आल्या आल्या डावा पाच सेंटिमीटर होता. आता साडेसहा. ताईंनी पट्टी पुसली, परत मोजलं. साडेसहाच.

"मग पुढच्या वेळीही चुका," असं म्हणून रंगारी कठडा न धरता जिना उतरून गेला.

ताईंनी आकडा लिहिला. 'उपचार कोणत्या पायावर' या रकान्यात 'उजवा' लिहिलं. मग हाताच्या डॉक्टरांना फोन लावला.

चार दिवसांनी त्या डॉक्टरांनी अंगठ्यावर कापूस फिरवला, टाचणी टेकवली, दोन्ही वेळा ताई "नाही" म्हणाल्या.

"नस दबलीय. दोन महिने काम बंद," डॉक्टर म्हणाले. "काही विचारायचंय?"

विचारायचं होतं, पण ते या डॉक्टरांना ठाऊक असण्यासारखं नव्हतं. ज्या पायाला हात लावला नाही तो सुधारला, मग एकोणीस वर्षं हा हात नेमकं काय करत होता?