असाहेल प्रॅटची साक्ष

आमच्या नदीकाठच्या गावात असाहेल प्रॅटसारखी पिंपं कुणी बांधली नाहीत. सफरचंदाच्या सायडरचा थेंब गळेल तर शपथ! माणूसही वाईट नव्हता हो, पण भित्रा. त्या साली समुद्रावर फ्रेंचांशी चकमकी चालल्या होत्या, तर यानं सगळ्यांच्या आधी टोपीला काळी फीत लावली, आपण सरकारच्या बाजूचे म्हणून. त्यातच कायदा आला: राष्ट्राध्यक्षांविषयी कुणी वाकड्या हेतूनं बोललं की तुरुंग.

म्हणून काय लोकांनी तोंडं शिवून घ्यायची?

टटलांच्या कोठारात मका सोलायला सगळे जमले होते. लाल कणीस ज्याच्या हाती लागेल त्यानं हव्या त्या पोरीचा पापा घ्यायचा, ही आमची रीत. ते लागलं नेमकं रूबेन टटलच्या हाती. रूबेन सुतार, असाहेलचा शेजारी, लहानपणापासूनचा जोडीदार आणि तोंडाचा फटकळ.

"मला नको बाबा, बायको केस उपटेल," तो म्हणाला. "हे धाडा राष्ट्राध्यक्षांना. फ्रान्सनं तोंड फिरवल्यापासून बिचाऱ्यांचा पापा घ्यायला कुणी नाही!"

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. सगळ्यांत मोठ्यानं हसला असाहेल. सायडर नाकातून आली त्याच्या.

कुणीतरी चुगली केली आणि रूबेनला धरून नेलं. त्याच्या वकिलाचं म्हणणं एकच, ही थट्टा होती. लोक हसले एवढं कुणी सांगितलं तरी पुरे होतं. पण बाकीच्यांनी आधीच अंग काढून घेतलं, उरला असाहेल.

"खरं तेच सांगा," त्याची बायको हिटी म्हणाली. मका सोलायच्या दिवशी ती एका बाळंतिणीकडे होती. "मी तिथं असते तर मीच उभी राहिले असते."

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही हसलात?"

असाहेलनं रूबेनकडे पाहिलं. सांग रे, म्हणून रूबेननं मान हलवली.

"नाही साहेब. कुणीच हसलं नाही."

शी! जीभ कशी रेटली त्याची!

रूबेन हिवाळाभर तुरुंगात खितपत पडला. असाहेलनं टटलांच्या घराकडची खिडकी फळी ठोकून बंद केली. इकडे हिटी मात्र नवऱ्याला न विचारता लाकडं फोडायची आणि टटलांच्या दारात नेऊन टाकायची.

बर्फ वितळल्यावर रूबेन सुटला. बायकोपोरांना भेटून तो खोकत खोकत असाहेलच्या दुकानात आला. असाहेलच्या हातातला रंधा थांबला.

"कोर्टात घाबरलास. फार राग आला होता रे तुझा," रूबेन म्हणाला. "पण बायको सांगत होती, तुमच्याकडून सरपण येत होतं म्हणून पोरं गारठली नाहीत. तूच धाडलंस ना?"

हिटी दारातच उभी होती. असाहेलचे कान लाजेनं तापले. नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"शेजारधर्म रे," तो म्हणाला, "दुसरं काय."

रूबेननं त्याला मिठी मारली. असाहेलला हिटीकडे मान वर करून बघवेना.