पाटीवरचं अभिषेकपात्र

आम्ही तिघी मैत्रिणी नाशिकच्या एका संग्रहालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. एका काचेच्या पेटीत तळाला चार भोकं असलेली लाकडी वाटी होती आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘अभिषेकपात्र’. आम्ही लगेच माना डोलावल्या. देवळांच्या गावात वाढलेल्या आम्हाला भोकं बघून पिंडीवरची धारच आठवणार.

शेजारी सायखेडा गावाकडची वाटावी अशी एक म्हातारी उभी होती. चपला तिने दाराशीच काढल्या होत्या. वाटीकडे बघत तिने हवेत मूठ धरली, बोटं जराशी सैल केली आणि दोन पावलं सावकाश चालली.

“ताई, काय लिहेल हाय?”

मी वाचून दाखवलं. तिची मूठ तशीच राहिली.

“हे तर चाडं. पाभरीवर बसवून बी सोडायचं. मी जन्मभर यातूनच पेरलं. देवाचं भांडं व्हतं का हे?”

मी मैत्रिणींकडे बघितलं, त्यांनी पाटीकडे.

तिने काचेला हात जोडले, दोन्ही गालांवर हळूच मारून घेतलं आणि चपला शोधायला गेली.

पाटी चुकली असेल, एवढं साधं वाक्य मला पार्किंगमध्ये सुचलं.